दौऱ्यावरची नाटक मंडळी आणि उपनगरातला रसिक : गंधर्व नाटक मंडळीच्या चाहत्यांचा सामाजिक इतिहास

प्रास्ताविक

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास बहुतांशी नाटककार, नट, गायक आणि नाटक मंडळ्या यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. कोणते नाटक कोणत्या साली रंगभूमीवर आले, त्याच्या पदांना चाली कोणी दिल्या, कोणत्या मंडळीतून कोण फुटून निघाले, याचा तपशील अभ्यासकांना सहज उपलब्ध होतो. परंतु ज्याच्या पैशावर आणि ज्याच्या प्रेमावर या मंडळ्या पोसल्या गेल्या, तो प्रेक्षक या इतिहासात ‘तुडुंब गर्दी’ किंवा ‘टाळ्यांचा कडकडाट’ एवढ्याच रूपात भेटतो. गणपतराव बोडस यांचे ‘माझी भूमिका’, गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा जीवनविहार’, चिंतामणराव कोल्हटकर यांचे ‘बहुरूपी’ ही आत्मकथने या काळाची मोलाची साधने आहेत. पण ती पडद्यामागून लिहिलेली आहेत. पडद्यासमोर बसलेल्या माणसाचे आत्मकथन बहुधा लिहिलेच गेले नाही.

या प्रेक्षकवर्गातही एक विशेष प्रकार होता. एकच नाटक पुन्हा पुन्हा पाहणारा, मंडळीचा मुक्काम हलला की पुढच्या मुक्कामाची चौकशी करणारा, पदांच्या चाली आणि ताना मुखोद्गत असणारा आणि एका गायकनटाच्या आवाजाभोवती आपल्या फुरसतीचे सारे आयुष्य गुंफणारा हा रसिक होय. बालगंधर्वांच्या बाबतीत ‘गंधर्ववेड’ हा शब्द रूढ झाला तो अशा चाहत्यांमुळेच. प्रस्तुत लेखात या चाहत्याकडे इतिहासाचा एक कर्ता घटक म्हणून पाहिले आहे. गंधर्व नाटक मंडळी हे प्रमुख उदाहरण आणि मुंबईची उपनगरे हे विशेष क्षेत्र समोर ठेवून तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे. दौऱ्यामागे जाणारा हा रसिक कोणत्या परिस्थितीतून निर्माण झाला? त्याच्या निष्ठेने कलेचे आणि मंडळीचे नेमके काय केले? आणि मंडळ्या लयाला गेल्यावर त्या निष्ठेचे पुढे काय झाले?

मुक्काम, दौरा आणि आगगाडी

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्यानंतरच्या अर्धशतकात संगीत नाटक हा मराठी मध्यमवर्गाचा सर्वांत आवडता कलाप्रकार ठरला. या काळातील नाटक मंडळी ही स्थिर संस्था नव्हती. नट, गवई, साथीदार, रंगारी, शिंपी, आचारी, गडी असा सारा संसार बरोबर घेऊन ती गावोगाव हिंडत असे. एखाद्या गावी काही आठवडे किंवा काही महिने मुक्काम करायचा, आपल्या भांडारातील नाटके आलटून पालटून लावायची, उत्पन्न ओसरू लागले की बिऱ्हाड हलवायचे, असा तिचा क्रम होता. पडदे, पेट्या, दागदागिने आणि माणसे यांची ही वाहतूक आगगाडीशिवाय परवडणारी नव्हती. संगीत नाटकाचा बहर आणि महाराष्ट्रातील लोहमार्गांचा विस्तार हे दोन्ही एकाच काळात घडले, हा केवळ योगायोग मानता येत नाही. कोल्हापूर संस्थानाने १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर मार्ग सुरू केला आणि दक्षिण महाराष्ट्रातील नाटकवेडी गावे पुण्या-मुंबईशी सलग जोडली गेली.

ज्या गाडीने मंडळी आली त्याच गाडीने रसिकही हिंडू लागला. कलावंताच्या प्रवासामागे चाहत्यांनीही प्रवास करावा ही गोष्ट एकट्या महाराष्ट्रातली नाही. पियानोवादक लिस्ट याच्या मैफलींनी युरोपातील नगरांत जे वेड पसरवले, त्याला कवी हाइनने १८४४ मध्ये ‘लिस्टोमानिया’ असे नाव दिले होते. स्वीडिश गायिका जेनी लिंड हिचा १८५० मध्ये सुरू झालेला अमेरिकेचा दौरा आगबोट, आगगाडी आणि वर्तमानपत्री जाहिरात यांच्या बळावरच उभा राहिला. दळणवळण, छापील जाहिरात आणि तिकीट ही तीन साधने जेथे एकत्र आली तेथे तेथे एका आवाजामागे धावणारा श्रोता निर्माण झाला. महाराष्ट्रात हे स्थान बालगंधर्वांना लाभले.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. बालवयातील त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ हे नाव दिले, अशी सर्वमान्य परंपरा आहे. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि मिरजेच्या मुक्कामात शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम रंगभूमीवर उभे राहिले. पुढे १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. भास्करबुवा बखले यांची तालीम, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची नाटके आणि नारायणरावांचा आवाज या त्रयीतून ‘स्वयंवर’ (१९१६), ‘द्रौपदी’ (१९२०) यांसारखे प्रयोग उभे राहिले. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या महिन्याभरात, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, मंडळीच्या बडोद्याच्या मुक्कामात प्रथम रंगभूमीवर आले. मराठीतील एका श्रेष्ठ नाटकाचा जन्म गुजरातेतील संस्थानी राजधानीत व्हावा, हे दौऱ्याच्या व्यवस्थेचेच फळ होते.

राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय गंधर्व मंडळीला लाभला होता. कोल्हापूर, इंदूर यांसारख्या संस्थानांनीही संगीताला आणि नाटकाला उदार हस्ते मदत केली. तथापि मंडळीचा मुख्य आधार तिकीट काढून येणारा प्रेक्षक हाच होता. दरबारात गाणारा गवई एका धन्याला रिझवीत असे. संगीत नाटकातील गायकनटाला चार आण्यांच्या पिटापासून पुढच्या खुर्च्यांपर्यंत सर्वांना रिझवावे लागे. बालगंधर्वांनी प्रेक्षकांना ‘मायबाप’ मानले आणि समोर येणाऱ्या लहानथोरांना ‘देवा’ असे संबोधले, यामागे व्यक्तिगत नम्रता तर होतीच; परंतु आश्रयदाता बदलल्याची ती स्पष्ट कबुलीही होती.

या नात्याची परीक्षा १२ मार्च १९११ रोजी झाली. मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग त्या दिवशी व्हायचा होता आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. जमलेल्या रसिकांचा विरस होऊ नये म्हणून त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. ही घटना मराठी नाट्यविश्वात अनेकदा सांगितली जाते ती कलावंताच्या कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून. प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर तिचा आणखी एक अर्थ निघतो. प्रेक्षकाची अपेक्षा ही आता इतकी मोठी सत्ता झाली होती की तिच्यापुढे घरातला शोकही मागे ठेवावा लागत होता.

चाहत्यांची ही निष्ठा नाट्यगृहापुरती मर्यादित राहिली नाही. बालगंधर्वांनी रंगभूमीवर नेसलेल्या साड्या, केसांची ठेवण, गजरा माळण्याची पद्धत यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या. त्यांच्या नावाच्या टोप्या आणि इतर वस्तू बाजारात आल्या. पुरुषाने साकारलेली स्त्री ही खऱ्या स्त्रियांच्या वेशभूषेचा आदर्श ठरली, ही सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने अत्यंत लक्षणीय बाब आहे. कुलीन स्त्रीला रंगभूमीवर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. मात्र प्रेक्षक म्हणून नाट्यगृहात येऊन स्वतःच्याच एका कल्पित, सुंदर रूपाकडे पाहण्याची मुभा तिला मिळाली होती. गंधर्ववेडात स्त्रियांचा वाटा मोठा होता तो या कारणाने.

रसिकांच्या सामर्थ्याचा सर्वांत मोठा प्रत्यय ८ जुलै १९२१ रोजी आला. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, असा तो अपूर्व योग होता. एरवी ‘गंधर्व की केशवराव’ या वादात विभागलेले चाहते त्या रात्री एका नाट्यगृहात बसले आणि दोन आवाजांमधील स्पर्धा राष्ट्रकार्याच्या उपयोगी पडली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले. त्यामुळे ती रात्र पाहिलेल्या रसिकांच्या पिढीला आयुष्यभर पुरणारी आठवण मिळाली.

उपनगरांची घडण आणि रात्रीचा प्रवास

बालीवाला, रिपन इत्यादी नाट्यगृहे मुंबईत ग्रँट रोडच्या परिसरात, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात होती. नाट्यगृहे आणि आगगाडीचे स्थानक यांचे हे सान्निध्य उपनगरांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीच्या शहरातून बाहेर पडण्याची ओढ मध्यमवर्गात वाढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत विलेपार्ले, अंधेरी, जोगेश्वरीपासून बोरिवलीपर्यंत आणि दुसऱ्या मार्गावर घाटकोपर, मुलुंड या भागांत कारकून, शिक्षक, वकील, छोटे व्यापारी यांची वस्ती होऊ लागली. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण करण्यात आला. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेची गाडी धावू लागली आणि उपनगरातून शहरात रोज ये-जा करणे हा जीवनाचा नित्यक्रम झाला.

या बदलाचा नाटकाच्या रसिकाशी थेट संबंध आहे. गिरगावात किंवा ठाकूरद्वारी राहणारा प्रेक्षक नाटक संपल्यावर पायी घरी जाऊ शकत होता. पार्ल्याच्या किंवा बोरिवलीच्या प्रेक्षकाला तसे करणे शक्य नव्हते. संगीत नाटके रात्री सुरू होत आणि पाच-सहा तास, प्रसंगी पहाटेपर्यंत चालत. शेवटची गाडी आणि शेवटचे पद यांपैकी एकाची निवड उपनगरवासीयाला करावी लागे. ज्याने पदाची निवड केली त्याला पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट पाहावी लागे आणि त्याच सकाळी पुन्हा कचेरीची गाडी धरावी लागे. चाहत्याची निष्ठा तिकिटाच्या किमतीत मोजता येते, तशीच ती या जागरणातही मोजली पाहिजे. गावोगावचा चाहता मंडळीमागे शेकडो मैल जात असेल. उपनगरातला चाहता तीच वाट दहा-वीस मैलांच्या फेऱ्यांनी पुन्हा पुन्हा चालत होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अंधेरी-बोरिवलीवरून जाणारे रूळ पुढे बडोद्याला जात होते आणि घाटकोपर-मुलुंडवरून जाणारे रूळ कल्याणमार्गे पुण्याला आणि नाशिककडे जात होते. मुंबईची उपनगरे गंधर्व मंडळीच्या दौऱ्याच्या वाटेवरच वसली होती. परंतु मंडळी येथे उतरत नसे. नाट्यगृह नव्हते, पुरेशी वस्ती नव्हती आणि मुंबईचा मुक्काम म्हणजे ग्रँट रोड हे समीकरण पक्के होते. त्यामुळे उपनगराचा पहिला रसिक हा ‘बाहेर जाणारा’ रसिक होता. गाणे त्याच्या दारी येत नव्हते, त्याला गाण्याच्या दारी जावे लागत होते.

घरी परतल्यावर मात्र त्याला नवी साधने मिळू लागली होती. बालगंधर्वांच्या पदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि फोनो हे मध्यमवर्गीय दिवाणखान्याचे भूषण ठरले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले. नाट्यगृहात अर्धा तास रंगणारे पद ध्वनिमुद्रिकेवर तीन-साडेतीन मिनिटांत आटोपत असे. हे संक्षिप्त रूप ऐकून रसिक तृप्त झाला नाही. मूळ, विस्तृत रूप प्रत्यक्ष ऐकण्याची त्याची भूक अधिकच वाढली. घरोघरी आलेली पेटी हे दुसरे साधन. पदाची चाल बोटांत बसविणारा श्रोता हा केवळ श्रोता राहत नाही. त्याला जागा कळतात, साथ कळते आणि पुढच्या खेपेला तो अधिक जाणतेपणाने नाट्यगृहात बसतो.

वन्समोअरची किंमत

चाहत्यांच्या निष्ठेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. ‘वन्समोअर’ हा इंग्रजी उद्गार मराठी नाट्यगृहात इतका रुजला की तो रसिकांचा हक्कच मानला जाऊ लागला. एकाच पदाला अनेकदा वन्समोअर मिळणे ही नटाची शान होती. प्रत्येक वेळी तेच पद नव्या ताना-आलापांनी नटवून म्हणणे हे बालगंधर्वांच्या प्रतिभेचे सामर्थ्य होते. परंतु यातून नाटकाचा तोल ढळत गेला. कथानक थांबून राही, संवादांना कात्री लागे आणि नाटक हे पदांना जोडणारे निमित्त उरे. संगीत नाटकावर पुढील पिढीतील समीक्षकांनी जे आक्षेप घेतले, त्यांतील मुख्य आक्षेप हाच होता. त्याची जबाबदारी केवळ नटावर टाकणे न्याय्य नाही. पुन्हा पुन्हा तेच नाटक पाहणाऱ्या चाहत्याला कथानकाची उत्सुकता उरलीच नव्हती. तो पद ऐकायला येत होता आणि त्याच्यासाठीच नाटक बदलत होते.

आर्थिक बाजूही अशीच दुहेरी होती. रसिकांनी गंधर्व मंडळीला भरभरून उत्पन्न दिले. परंतु त्याच रसिकांच्या डोळ्यांना रुचावे म्हणून भरजरी वस्त्रे, खरे दागिने, उंची अत्तरे, भव्य देखावे यांवर मंडळीने अमाप खर्च केला. ‘द्रौपदी’ची निर्मिती तिच्या खर्चिकपणासाठीच गाजली. अहमदजान थिरकवा यांच्यासारखे तबल्यातील थोर कलावंत मंडळीच्या पदरी होते. साथसंगतीचा हा दर्जा राखणे सोपे नव्हते. बोडस आणि टेंबे हे दोन्ही भागीदार यथावकाश बाहेर पडले आणि मंडळी कर्जात बुडत गेली. प्रेक्षागृह भरलेले आणि तिजोरी रिकामी, असे विसंगत चित्र तयार झाले. चाहत्यांचे प्रेम मिळवणे आणि ते टिकवण्यासाठी त्याहून अधिक खर्च करणे या चक्रातून मंडळी सुटली नाही.

याच सुमारास बाहेरची परिस्थितीही पालटली. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला आणि पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाचा प्रारंभ केला. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर करून रंगभूमीवर स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचा नवा मार्ग दाखविला. आता चाहत्याला कलावंतामागे जाण्याची गरज उरली नाही. चित्रपटाची फीतच गावोगाव जाऊ लागली. स्वतः बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली; पण कॅमेऱ्यासमोर ते रमले नाहीत आणि पुन्हा रंगभूमीकडे वळले. मंडळीचे वैभव मात्र परतले नाही. त्यांच्याबरोबर उरले ते त्यांच्या आवाजावर जीव टाकणारे काही निष्ठावंत.

पाठलाग करणारा रसिक ते यजमान रसिक

मंडळ्या मोडल्या, पण त्यांच्यामागे जाण्याची सवय लागलेला रसिक मोडला नाही. या रसिकाचे पुढे काय झाले याचे उत्तर उपनगरांतील सांस्कृतिक संस्थांच्या इतिहासात सापडते. विलेपार्ले येथे १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ या संस्था उभ्या राहिल्या. सेवा संघाची वास्तू टिळक मंदिर म्हणून ओळखली जाते. व्याख्याने, उत्सव, कीर्तने, गाण्याच्या बैठका यांसाठी उपनगरात हक्काची जागा निर्माण झाली. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघासारख्या संस्थांनी पूर्वेकडील उपनगरांत पुढे हेच कार्य केले. शहरात जाऊन गाणे ऐकणारा रसिक आता गवयाला आपल्या वस्तीत बोलावू लागला होता.

या स्थित्यंतराचे सर्वांत परिचित उदाहरण पु. ल. देशपांडे यांच्या रूपाने पाहावयास मिळते. ८ नोव्हेंबर १९१९ रोजी जन्मलेल्या पुलंचे बालपण जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत आणि नंतर पार्ल्यात गेले. पार्ले टिळक विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. घरात पेटी होती आणि कानावर नाट्यपदे होती. गंधर्व मंडळीचा भर ओसरत असताना वाढलेल्या पिढीचे ते प्रतिनिधी होत. किशोरवयात टिळक मंदिरात त्यांनी प्रत्यक्ष बालगंधर्वांपुढे पेटी वाजवली आणि त्यांची शाबासकी मिळवली, ही आठवण त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते.

या प्रसंगाचे महत्त्व पुलंच्या पुढील कीर्तीमुळे नाही. ज्या कलावंतासाठी उपनगरातील माणसे रात्रीच्या गाडीने ग्रँट रोडला जात होती, तो कलावंत उपनगरातील एका सार्वजनिक वास्तूत बसून तेथल्या एका मुलाचे वादन ऐकत होता. ऐकणारा आणि ऐकविणारा यांच्या जागा क्षणभर बदलल्या होत्या. निष्ठावंत रसिकांनी एका पिढीत मिळविलेली जाण दुसऱ्या पिढीच्या हातात उतरली होती.

या मुलाने पुढे आपल्या निष्ठेची फेड कशी केली हे सर्वज्ञात आहे. पुण्यात मुठेच्या काठी उभारावयाच्या रंगमंदिराचे भूमिपूजन ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाले. या वास्तूच्या उभारणीत पुलंच्या कल्पकतेचा आणि आस्थेचा मोठा वाटा होता. बालगंधर्वांचे १५ जुलै १९६७ रोजी निधन झाले आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, बालगंधर्व रंगमंदिर रसिकांसाठी खुले झाले. आयुष्यभर बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडलेल्या कलावंताला त्याच्या चाहत्यांनी अखेर एक कायमचे घर बांधून दिले, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

मुंबईच्या उपनगरांतही हेच घडले. विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आणि मुलुंडचे कालिदास नाट्यगृह यांनी उपनगरवासीयाची रात्रीची पायपीट संपविली. यातील पार्ल्याच्या नाट्यगृहाचे नाव अर्थपूर्ण आहे. मास्टर दीनानाथांनी १९१८ मध्ये स्थापन केलेली बलवंत संगीत मंडळी हीदेखील दौऱ्यावर जगणारी मंडळी होती आणि तिचाही शेवट आर्थिक ओढाताणीत झाला. ज्या उपनगरात दौऱ्यावरच्या मंडळ्या उतरत नव्हत्या, त्याच उपनगराने तशाच एका मंडळीच्या मालकाचे नाव आपल्या नाट्यगृहाला दिले.

उपनगरातील दुसरा श्रोता

तथापि उपनगर म्हणजे केवळ पार्ल्याचा पांढरपेशा वर्ग नव्हे. तिकीट काढून नाट्यगृहात बसणे ज्यांना परवडत नव्हते, अशा गिरणी कामगारांचे, सफाई कामगारांचे आणि झोपडवस्तीतील कष्टकऱ्यांचेही एक श्रोतृविश्व होते. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. हे अण्णा भाऊ पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात राहत होते. भीमराव कर्डक यांच्या आंबेडकरी जलशापासून वामनदादा कर्डक यांच्या भीमगीतांपर्यंतची परंपराही अशाच वस्त्यांतून रुजली. मुलुंडमध्ये राहणारे शाहीर विलास घोगरे या परंपरेतील पुढच्या पिढीचे होते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात दहा माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर चारच दिवसांनी व्यथित घोगरे यांनी आपले जीवन संपविले.

या श्रोत्याची निष्ठा वेगळ्या जातीची होती. गंधर्वभक्त आवाजावर लुब्ध होता आणि तो आवाज अननुकरणीय मानत होता. कलापथकाचा आणि जलशाचा श्रोता गाणे उचलून आपल्या वस्तीत नेत असे, वहीत उतरवून घेत असे आणि स्वतःच्या आवाजात पुन्हा गात असे. एका ठिकाणी कलावंताची आठवण जपली गेली, तर दुसऱ्या ठिकाणी गाण्यातील आशय चालू राहिला. रसिकतेचा इतिहास लिहिताना या दोन प्रवाहांपैकी एकालाच ‘रसिक’ म्हणणे आणि दुसऱ्याला ‘जमाव’ म्हणणे हा पक्षपात ठरेल.

समारोप

वरील विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, दौऱ्यावरच्या कलावंतामागे जाणारा चाहता हा व्यक्तिगत लहरीतून जन्मला नाही. लोहमार्ग, तिकीट, जाहिरात आणि ध्वनिमुद्रिका यांनी त्याला घडविले. दुसरी अशी की, त्याची निष्ठा ही कलेला केवळ पोषक नव्हती. तिने गायकनटाला लोकाश्रयाचे बळ दिले, त्याचबरोबर नाटकाचा तोल बिघडविला आणि मंडळीला न पेलणाऱ्या खर्चाकडे ओढले. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, या निष्ठेचे खरे फलित मंडळी बुडाल्यावर दिसले. एका आवाजामागे जाणाऱ्या माणसांनी आपल्या वस्तीत दुसऱ्या आवाजांसाठी जागा निर्माण केली, तेव्हाच गंधर्ववेडाचे रूपांतर संस्कृतीत झाले.

आज परिस्थिती बरीचशी उलटली आहे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकेल जॅक्सनच्या जागतिक दौऱ्यातील भारतातला एकमेव कार्यक्रम अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाला. ज्या उपनगरातून लोक गाणे ऐकण्यासाठी शहरात जात होते तेच उपनगर जागतिक दौऱ्याचा मुक्काम ठरले. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम प्रथम नेरूळला आणि नंतर अहमदाबादला झाले, तेव्हा एका शताब्दीपूर्वी बडोद्याकडे जाणारी रसिकांची वाट पुन्हा एकदा गजबजली. साधने बदलली, गाणे बदलले, परंतु आवडत्या स्वरासाठी गाडी पकडण्याची माणसाची ओढ बदललेली नाही.

अशा वेळी गंधर्वकालीन रसिकाच्या इतिहासातून एक कसोटी हाती लागते. चाहत्यांची संख्या किती, त्यांनी किती पैसे मोजले आणि किती मैल प्रवास केला यावरून एखाद्या काळाची रसिकता ठरत नाही. तो चाहता परत आल्यावर आपल्या गावात, आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत काय उभे करतो, यावरून ती ठरते. पार्ल्याच्या टिळक मंदिरातील एका मुलाच्या पेटीने या कसोटीला उत्तर दिले होते. आजच्या उपनगरांतील महाविद्यालये, नाट्यगृहे आणि सांस्कृतिक मंडळे यांच्यापुढे हीच कसोटी उभी आहे.